बेनओनी की बन्यामीन?

मूल जन्मास आले म्हणजे बारसे करावे, पाळणा बांधावा आणि आत्याने बाळाच्या कानात नाव सांगावे, ही चाल आपल्याकडे फार जुनी आहे. ख्रिस्ती कुटुंबांत तेच नाव बाप्तिस्म्याच्या वेळी मंडळीपुढे उच्चारले जाते. दोन्ही प्रसंगी नाव घेणाऱ्या बालकास काहीच कळत नसते; नाव देणारे मात्र आपल्या मनातील आशा, भीती, आनंद किंवा दुःख त्या दोन-तीन अक्षरांत घालून मोकळे होतात. पुढे ती अक्षरे त्या मुलाने जन्मभर वागवावयाची असतात. नाव ठेवणाऱ्यावर केवढी जबाबदारी असते, याचा विचार पवित्र शास्त्रातील एका हिब्रू नावाच्या आधारे करावा, असे आम्ही योजिले आहे. ते नाव बन्यामीन हे होय.

हिब्रू भाषा म्हणजे आपल्यास अगदी परकी, असे विद्यार्थ्यांस वाटण्याचा संभव आहे. परंतु मराठी भाषिकांशी तिचा संबंध आजकालचा नव्हे. कोकणच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेला व मराठी हीच ज्याची मातृभाषा झाली असा यहुदी समाज स्वतःस ‘बेने इस्राएल’ म्हणवितो. ‘बेन’ म्हणजे पुत्र व ‘बेने’ हे त्याचे अनेकवचनी रूप. तेव्हा बेने इस्राएल म्हणजे इस्राएलाचे पुत्र. या समाजाच्या उपयोगाकरिता जॉन विल्सन यांनी १८३२ साली हिब्रू व्याकरणाची मूलतत्त्वे मराठीत प्रसिद्ध केली. पुढे पंडिता रमाबाईंनी उतारवयात हिब्रू व ग्रीक या भाषांचा अभ्यास करून संपूर्ण पवित्र शास्त्र मराठीत उतरविले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ साली प्रसिद्ध झाले. हा ‘बेन’ शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण बन्यामीन या नावाचा आरंभ त्यानेच होतो.

आता मूळ कथा पाहू. ती उत्पत्तीच्या पस्तिसाव्या अध्यायात अवघ्या पाच वचनांत सांगितली आहे. याकोब आपला परिवार घेऊन बेथेलहून निघाला होता. एफ्राथ, म्हणजेच बेथलेहेम, थोडेसे दूर राहिले असता वाटेतच त्याची प्रिय पत्नी राहेल हिला प्रसूतिवेदना सुरू झाल्या व तिला फार कष्ट पडू लागले. सुईणीने तिला धीर दिला की, भिऊ नको, हाही मुलगाच आहे. सुईणीच्या या बोलण्यास मागील संदर्भ आहे. राहेलीस बहुत वर्षे मूल नव्हते, आणि मूल न मिळाल्यास आपण मरून जाऊ, असा आकांत तिने एकदा नवऱ्यापाशी केला होता. नंतर योसेफ जन्मला, तेव्हा देवाने आपणास आणखी एक पुत्र द्यावा अशी इच्छा तिने त्याच्या नावातच गोविली; कारण योसेफ या शब्दात ‘अधिक देणे’ हा अर्थ आहे. ती इच्छा आता पूर्ण झाली होती. परंतु मूल नसेल तर मरेन असे म्हणणाऱ्या त्या स्त्रीस मूल होतानाच मरण आले. प्राण जाता जाता तिने त्या अर्भकाचे नाव बेनओनी असे ठेविले. बापाने मात्र त्याला बन्यामीन म्हटले. राहेलीस वाटेवरच पुरले आणि याकोबाने तिच्या कबरेवर एक स्तंभ उभा केला.

या दोन नावांत अंतर किती आहे ते पाहावे. बेनओनी या नावाचा उघड अर्थ ‘माझ्या दुःखाचा पुत्र’ असा आहे. बन्यामीन याचा अर्थ ‘उजव्या हाताचा पुत्र’. इब्री लोकांत उजवा हात हे बळाचे, मानाचे आणि आशीर्वादाचे चिन्ह होते. शलमोन राजाने आपल्या मातेकरिता आसन मांडविले ते आपल्या उजवीकडे. आणि खुद्द याकोबाने वृद्धापकाळी नातवांस आशीर्वाद देताना उजवा हात कोणाच्या मस्तकावर ठेवावा याचा विचार करून आपले हात मुद्दाम आडवे केले. त्या हाताचे नाव त्याने ह्या पोरक्या मुलास दिले.

‘यामीन’ या शब्दाचा दुसराही एक अर्थ आहे, आणि तो मराठी विद्यार्थ्यांस लवकर समजेल. पूर्वेकडे तोंड करून उभे राहिले असता उजव्या हाताकडे जी दिशा येते ती दक्षिण. हिब्रूत ‘यामीन’ म्हणजे उजवा आणि दक्षिणही. आपल्या संस्कृतातील ‘दक्षिण’ शब्दाचेही असेच आहे: त्याचा अर्थ उजवा, त्याचा अर्थ दक्षिण दिशा, आणि कुशल व अनुकूल असाही त्याचा अर्थ होतो. आमच्या दख्खनच्या नावातही हाच शब्द दडलेला आहे. अकराव्या शतकातील फ्रान्स देशचे प्रसिद्ध यहुदी भाष्यकार राशी यांनी बन्यामीन याचा अर्थ दक्षिणेचा पुत्र असाच केला. कारण याकोबाचे इतर पुत्र उत्तरेकडे अरामात जन्मले आणि हा एकटा दक्षिणेस, कनान देशात, जन्मास आला.

याहूनही विचार करण्याजोगी गोष्ट बेनओनी या नावात आहे. हिब्रूत ‘ओन’ असा उच्चार असलेल्या शब्दाचे दोन अर्थ होतात. एक दुःख किंवा शोक, दुसरा सामर्थ्य. याकोबाने मरणसमयी आपला ज्येष्ठ पुत्र रूबेन यास स्वतःच्या सामर्थ्याचे प्रथमफळ म्हटले, तेथे हाच शब्द या दुसऱ्या अर्थाने आला आहे. तेराव्या शतकातील स्पेन देशचे भाष्यकार मोशे बेन नहमान यांनी यावरून असे सुचविले की, याकोबाने राहेलीचे शब्द फेकून दिले नाहीत. तिने जो शब्द शोकाच्या अर्थाने उच्चारला तोच त्याने सामर्थ्याच्या अर्थाने ऐकला, आणि उजवा हात हे सामर्थ्याचे चिन्ह असल्यामुळे मुलास बन्यामीन म्हटले. हे स्पष्टीकरण आम्हास फार मार्मिक वाटते. मरणाऱ्या मातेच्या मुखातून निघालेल्या शब्दात जो बरा अर्थ निघण्यासारखा होता तो बापाने शोधून काढला व तेवढाच मुलाच्या स्वाधीन केला.

येथे कोणी असा आक्षेप घेईल की, मरणाऱ्या स्त्रीची शेवटची इच्छा मोडण्याचा याकोबास काय अधिकार होता? हा आक्षेप हलका नव्हे. लेआ व राहेल यांच्या घरात मुलांची नावे बहुतेक मातांनीच ठेविली होती; बापाने नाव ठेविल्याचे जेथे शास्त्र स्पष्ट सांगते असा याकोबाचा हा एकच पुत्र. शिवाय मेलेल्या माणसाचा शब्द पाळावा, ही भावना सर्व लोकांत प्रबळ असते. तथापि आमचे मत असे आहे की, याकोबाने केले ते योग्यच केले. आणि त्याची कारणे त्याच कथेत आहेत.

पहिले कारण असे की, वाईट नावाचे ओझे काय असते हे याकोबास स्वानुभवाने ठाऊक होते. त्याचे स्वतःचे नाव टाच या अर्थाच्या शब्दावरून पडले, कारण जन्मताना त्याने जुळ्या भावाची टाच धरली होती. पुढे फसविला गेलेला एसाव संतापून म्हणाला की, याने मला दोनदा ठकविले, याचे नाव यथार्थच आहे. त्या नावाखाली तो अर्धे आयुष्य वावरला. मग यब्बोक नदीपाशी त्याला इस्राएल हे नवे नाव मिळाले, आणि ते पुन्हा बेथेल येथे दृढ करण्यात आले. हा दुसरा प्रसंग राहेलीच्या मरणाच्या अगदी आधी, त्याच पस्तिसाव्या अध्यायात आहे. ज्याला नुकतेच नवे नाव मिळाले, त्याने आपल्या तान्ह्या मुलास जुन्या जातीचे नाव लागू दिले नाही.

दुसरे कारण याहून महत्त्वाचे आहे. याकोबाने दुःख नाकारले नाही. त्याने त्यास निराळे स्थान दिले. राहेलीच्या कबरेवर त्याने दगडाचा स्तंभ उभा केला. पुढे मिसर देशात मृत्युशय्येवर असता, योसेफाशी बोलताना, एफ्राथच्या वाटेवर राहेल आपल्यादेखत कशी मरण पावली हे तो पुन्हा सांगतो. म्हणजे इतक्या वर्षांनीही ती जखम भरलेली नव्हती. परंतु त्या जखमेची खूण त्याने दगडावर ठेविली, मुलाच्या अंगावर ठेविली नाही. जर तो मुलगा बेनओनी या नावाने वाढला असता, तर त्यास जेवावयास हाक मारताना, मेंढरांमागे धाडताना, रागे भरताना, दररोज शंभर वेळा त्यास सांगितले गेले असते की, तुझ्यामुळे तुझी आई मेली. शोक करावयास कबर आहे. तेथे जावे, रडावे, दगड उभा करावा. मुलास कबरेचा दगड करू नये. या नावाचा सगळा बोध आमच्या मते एवढाच आहे, आणि तो थोडा नाही.

आणि राहेलीचा शब्द पुसला गेला काय? मुळीच नाही. शास्त्र लिहिणाऱ्याने तिने दिलेले नाव जसेच्या तसे नोंदून ठेविले. तिचे दुःख तीन हजार वर्षे वाचले जात आहे. मात्र त्या एका जागेखेरीज त्या मुलास बेनओनी असे कोठेही म्हटलेले नाही. घर, गोत्र आणि इतिहास या सर्वांनी त्यास बन्यामीन म्हणूनच ओळखले.

शास्त्रात दुःखाने ठेविलेली नावे आणखीही आहेत, आणि त्यांच्याशी तुलना केली असता आमचे म्हणणे अधिक स्पष्ट होईल. एली याजकाची सून प्रसूत होत असता देवाचा कोश शत्रूंनी नेल्याची व सासरा आणि पती मेल्याची वार्ता आली. तिनेही मरता मरता मुलास ईखाबोद, म्हणजे वैभव गेले, असे नाव दिले. तेथे नाव बदलावयास बाप उरलाच नव्हता. पुढे त्या मुलाविषयी काहीच कळत नाही. दुसऱ्या एकाचा भाऊ म्हणून तेवढा त्याचा एकवार उल्लेख येतो. याबेस याच्या आईने त्यास वेदनेने प्रसवले म्हणून वेदनेचेच नाव दिले. त्याने स्वतः देवापाशी प्रार्थना केली की, ही पीडा माझ्या वाट्यास येऊ नये, आणि ती मान्य झाली. नामी ही विधवा व पुत्रहीन होऊन बेथलेहेमास परतली, तेव्हा मला नामी म्हणजे मनोहर असे म्हणू नका, मारा म्हणजे कडू म्हणा, असे तिने गावच्या बायांस सांगितले. परंतु रूथचे पुस्तक लिहिणारा तिला अखेरपर्यंत नामीच म्हणतो, आणि शेवटी तिच्या मांडीवर नातू देतो. एकाचे नाव बदलावयास कोणी नव्हते, एकाने स्वतः देवाकडे धाव घेतली, आणि एकीने स्वतःस लावून घेतलेले कडू नाव इतरांनी उचलले नाही. या तिसऱ्या प्रकारचे साहाय्य आपणांपैकी प्रत्येकास करता येण्यासारखे आहे.

तथापि नाव म्हणजे कुंडली नव्हे, हेही येथे सांगितले पाहिजे. चांगले नाव दिले की मूल आपोआप चांगले निपजते, असे शास्त्र कोठेही शिकवीत नाही. उजव्या हाताचा पुत्र म्हणविणाऱ्याच्या वंशात एहूद हा जो पुढारी झाला तो डावखुरा होता, आणि त्या डाव्या हातानेच त्याने आपल्या लोकांस मवाबाच्या जुलमातून सोडविले. गोफण चालविण्यात निष्णात असे सातशे डावखुरे पुरुष याच वंशात होते. याच वंशाने गिबा येथील घोर अपराध्यांस पाठीशी घातले आणि त्याचे फळ म्हणून त्याचे केवळ सहाशे पुरुष उरले. इस्राएलाचा पहिला राजा शौल याच वंशातला, एस्तेर राणीचा पालनकर्ता मर्दखय याच वंशातला, आणि प्रेषित पौल आपण याच वंशाचे असल्याचे दोन पत्रांत लिहितो. उलट आपल्याकडे ज्यांची मुले जगत नसत ते लोक दृष्ट लागू नये म्हणून मुलास धोंडू, दगडू अशी नावे ठेवीत; त्यामागे अवहेलना नव्हे, तर भेदरलेली माया असे. धोंडो हेच नाव धारण करणाऱ्या महर्षी कर्वे यांनी १९१६ साली स्त्रियांकरिता विद्यापीठ स्थापिले. तेव्हा नावातील अक्षरांपेक्षा ते कोणत्या भावनेने हाक मारले जाते, याचेच महत्त्व अधिक आहे.

यास्तव पालकांस आमची विनंती अक्षरांविषयी नाही, त्या हाकेविषयी आहे. सातारा जिल्ह्यात २०११ सालच्या ऑक्टोबर महिन्यात एक समारंभ झाला. मुलगा हवा असताना मुलगी झाली म्हणून जिचे नाव ‘नकोशी’ किंवा ‘नकुसा’ ठेविले होते, अशा २८५ मुलींस त्या दिवशी नवी नावे देण्यात आली. ही गोष्ट फार जुन्या काळची नव्हे. शाळेच्या हजेरीपटावर दररोज हे नाव पुकारले जावे आणि त्या मुलीने ‘हजर’ म्हणून उभे राहावे, याची कल्पना पालकांनी करून पाहावी. नको असलेली मुलगी हजर आहे, असेच ती सर्वांसमक्ष दररोज सांगत होती. हे बेनओनीहूनही कठोर होय. कारण राहेलीने निदान मरणाच्या वेदनेत ते नाव उच्चारले, आणि येथे धडधाकट घरांनी निराशेच्या भरात ते ठेविले.

परंतु ज्या घरांत अशी नावे ठेवीत नाहीत तेथेही बेनओनी असतात. जन्मतःच जिची आई वारली तिला ‘आईला गिळून आली’ असे म्हणणारे नातलग आपण ऐकले नाहीत काय? बापाचा धंदा बुडाला त्या वर्षी जन्मलेल्या मुलास ‘पांढऱ्या पायाचा’ म्हणणारी घरे नाहीत काय? अशी नावे पाळण्यात ठेविली जात नाहीत, म्हणून ती कोठे लिहिलीही जात नाहीत. पण मूल त्यांनाच खरे नाव समजते. मरणास, नुकसानीस, दुष्काळास अर्भक कसे कारण होईल? दुःख मोठ्यांचे असते व ते मोठ्यांनीच वाहावे. आपल्या भाषेत ‘नाव ठेवणे’ आणि ‘नावे ठेवणे’ यांत एका मात्रेचे अंतर आहे. घरात ते अंतर नीट सांभाळले पाहिजे.

याकोबाच्या कथेत पालकांकरिता एक इशाराही आहे. त्याने मुलास उजव्या हाताचा पुत्र म्हटले खरे, परंतु योसेफ नाहीसा झाल्यावर भीतीने त्यास पदराआड झाकून ठेविले. दुष्काळात धान्य आणण्यासही तो त्यास पाठवीना. अखेर यहूदा जामीन राहिला तेव्हा कोठे त्याने त्याला जाऊ दिले, आणि त्या जाण्यानेच हरवलेला योसेफ पुन्हा मिळाला. चांगले नाव दिल्यावर त्या नावाप्रमाणे मुलास वाढू देणे, कामास लावणे, विश्वासाने दूर धाडणे, हेही बापाचेच काम आहे.

शाळेतही हीच गोष्ट लागू पडते. मंदगती मुलास ‘ढ’ म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. फार प्राचीन काळापासून ज्याचे वळण बदलले नाही असे हे अक्षर, म्हणून तो शब्द पडला, असे सांगतात. ते खरे असो वा नसो, त्या एका अक्षराने मुलास असे सांगितले जाते की, तू कधी बदलणार नाहीस. शिक्षकाच्या तोंडी हे अक्षर शोभत नाही, कारण मुले बदलतात या विश्वासावरच शाळा उभी आहे.

आणि प्रिय विद्यार्थ्यांनो, तुमच्याकरिता दोन शब्द. वर्गात कोणाच्या रंगावरून, कोणाच्या चालण्यावरून, कोणाच्या बोलण्यातील अडखळण्यावरून तुम्ही टोपणनावे पाडता. ती तुम्ही सुट्टीत विसरता, पण ज्याला चिकटतात तो विसरत नाही. तुमचा सोबती निराशेने स्वतःस ‘मारा’ म्हणवून घेऊ लागला, तर तुम्ही त्यास ‘नामी’ म्हणूनच हाक मारा. तुम्हांपैकी कोणाला घरी किंवा दारी असे एखादे दुःखाचे नाव पडले असेल, तर त्याने हे ध्यानात ठेवावे की, ज्या कथेत बेनओनी हे नाव आहे, त्याच कथेत, त्याच वचनात, दुसरे नावही आहे. मुलास ओळख देणारा शेवटचा शब्द दुःखाचा नव्हता.

पालकहो, आज सायंकाळी घरी आपल्या मुलास हाक माराल तेव्हा ती कोणत्या नावाने मारता, आणि ते ऐकून तो मान खाली घालतो की धावत येतो, हे एकवार अवश्य पाहावे. देवाने तुमच्या हाती दिलेले मूल तुमच्या उजव्या हाताचे आहे, हे त्याला तुमच्या हाकेवरून कळू द्यावे, एवढीच आमची विनंती आहे.